पाच म्हशींची टाकी

गोबरगॅसच्या टाकीत मी पहिल्यांदा उतरले ती नवऱ्याच्या पोटामुळे. तो गवंडी होता. एका संस्थेनं गावोगावच्या गवंड्यांना गोबरगॅस बांधायला शिकवायचं काढलं, त्यात ह्याचं नाव लागलं. विटांचा घुमट त्यानं फक्कड उभा केला. पण आतून गिलावा करायला ज्या भोकातून शिरायचं होतं, त्यात त्याचं पोट अडकलं. शिकवणारे साहेब हसले, बाकीचे गवंडी हसले. मी बाजूला वाळू चाळत होते. मला म्हणाला, "किष्णे, तू जा की आत. तुझ्या अंगावर काय हाय?" मी पदर खोचला आणि गेले. पुढं तीस वर्षं जातच राहिले. मधे नवरा वारला, मग विटाही मीच लावायला लागले. करवीर, पन्हाळा, हातकणंगले, ह्या पट्ट्यातल्या गोठ्यांच्या मागं माझे घुमट आहेत. माती टाकून झाकलेले असतात, दिसत नाहीत.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, की घरात पर्यावरण सांभाळून पैसे कसे वाचवायचे ते तुमच्या अनुभवातून लिहा. मी चौथी शिकलेली. नातीनं शुद्धलेखन तपासलंय, शब्द माझे आहेत.

पैसे वाचतात. त्यात खोटं काही नाही. पण वस्तू घरात आणली म्हणून वाचत नाहीत. माझ्या मुलानं गच्चीवर सूर्याचा बंब बसवलाय. गरम पाणी खाली येईपर्यंत पाइपातलं गार पाणी सून मोरीत सोडून देते, रोज दीड बादली. मी खाली बादली ठेवते, सून ती उचलून बाजूला ठेवते, कारण पाय अडकतो म्हणे. वीज वाचली, पाणी गेलं, आणि ते पाणी पुन्हा वर चढवायला मोटर चालली. हे मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, "आत्ती, तुम्ही मोजत बसू नका." मी आयुष्यभर मोजतच आले. एकदाच मोजून गप्प बसले, आणि त्याबद्दलच मला लिहायचंय.

आधी गोबरगॅस म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या लोकांना वाटतं शेण पेटवतात. शेण पेटवत नाहीत. शेण आणि पाणी सारखं घेऊन कालवायचं, काडीकचरा काढायचा, आणि जमिनीखालच्या टाकीत सोडायचं. टाकी म्हणजे विटांचा घुमट. आत हवा नाही, उजेड नाही. तिथं शेण आंबतं, त्याचा गॅस होतो, तो घुमटाच्या वरच्या अंगाला साठतो आणि नळीनं शेगडीला येतो. आंबून झालेलं शेण दुसऱ्या बाजूनं आपोआप बाहेर पडतं. त्याला वास नसतो, माश्या बसत नाहीत, आणि उसाला घातलं तर विकतच्या खताच्या तोंडात मारतं. सरपण वाचतं, सिलिंडर वाचतो, खत वाचतं, आणि बायकांची कंबर वाचते. शेणी थापायच्या नाहीत, वाळवायच्या नाहीत, उसाचा पाला डोक्यावरनं आणायचा नाही, भांडी काळी होत नाहीत.

ह्यात अवघड कामं दोन. पहिलं म्हणजे घुमटाचा आतला गिलावा. विटांच्या सांध्यातून गॅस सुईएवढा जरी निसटला तर सगळी टाकी फुकट. म्हणून आत बसून थरावर थर द्यायचे, सिमेंटचं पाणी ब्रशनं फिरवायचं, पुन्हा घोटायचं. आत बल्बचा उजेड आणि आपलाच घाम. माझा एकही घुमट गळला नाही. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत नाही, नुकसान ह्यानंच केलं म्हणून लिहिते.

दुसरं अवघड काम म्हणजे टाकी केवढी बांधायची ते ठरवणं. सरकारी कागदावर घनमीटर असतं. आम्ही म्हशीत मोजायचो. दोन म्हशींची टाकी, चार म्हशींची, पाच म्हशींची. लोकांना वाटतं मोठी बांधली की जास्त गॅस. तसं नसतं. टाकीला रोज तिच्या पोटाएवढं घालायला लागतं. पाच म्हशींच्या टाकीला दोन म्हशींचं शेण घातलं, तर थोडासा गॅस होतो तो मोठ्या घुमटात पसरून बसतो. त्याला जोर येत नाही. शेगडी पेटते, चहा होतो, भात टाकला की ज्योत बसते. तेच शेण दोन म्हशींच्या टाकीत घातलं तर दाबून गॅस येतो आणि भाकरी होतात.

आता अडचण अशी, की म्हशी किती हे आमच्याकडं कुणी खरं सांगत नाही. म्हशीच्या आकड्यावर घराची पत असते. दोन असल्या तर चार सांगायच्या, दोन मळ्यात आहेत म्हणायचं. म्हणून मी म्हशी मोजायचेच नाही. गोठ्यात जाऊन खुंटे बघायचे. ज्या खुंट्याला रोज जनावर बांधलं जातं तो दाव्यानं घासून गुळगुळीत झालेला असतो, खाली खुरांनी खड्डा पडलेला असतो. खुंटा खोटं बोलत नाही. मी मालकाला म्हणायचे, "तुमी चार म्हणताय, तुमचा गोठा दोन म्हणतोय. कुणाचं ऐकू?" बहुतेक हसायचे आणि खरं बोलायचे.

एकेक गिऱ्हाइकं होती. एका गुरुजींनी टाकी भरल्यावर तिसऱ्या दिवशी गल्ली जमवली, शेगडीला हार घातला, आणि काडी ओढली. पेटेना. सुरुवातीचा गॅस खराब असतो, तो सोडून द्यावा लागतो, हे मी दोनदा सांगितलं होतं. गुरुजी पोरांना म्हणाले, "हा प्रयोग होता." दुसऱ्या एका घरात संडासही टाकीला जोडला होता. तिथली आजी चहा त्या गॅसवर प्यायची, पण देवाचा नैवेद्य वेगळ्या चुलीवर करायची. मी म्हटलं, "आजी, चहाला चालतंय व्हय?" ती म्हणाली, "चहा कुठं देवाला दावायचा असतोय?" मला तिचं पटलं. कुणाचं नुकसान नव्हतं त्यात.

ज्या घरात नुकसान झालं ते पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात होतं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. घरात शामूतात्या, त्यांची बायको हौसाबाई, मोठा मुलगा संजय आणि धाकटा मुलगा. ह्याला वीसेक वर्षं झाली. तात्यांनी मला बोलावलं आणि अंगणातच सांगितलं, "किष्णाक्का, पाच म्हशींची टाकी बांधायची. गावात कुणाची न्हाय असली."

मी गोठ्यात गेले. दोन म्हशी होत्या. एक कपाळावर पांढरं असलेली, तिला मोरी म्हणायचे, आणि एक साधी काळी. खुंटे पाच होते. दोन गुळगुळीत, तीन नवे. नव्या खुंट्यांची साल पण निघालेली नव्हती.

"तात्या, तीन म्हशी कुठायत?"

"मळ्यात हायत."

"मळ्यातलं शेण मळ्यातच पडणार. टाकीत कसं येणार?"

तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "आक्का, तुला बांधायचं काम दिलंय. बांध. पंचनामा नगं."

दुसरं कुणी असतं तर मी थापी उचलून चालू पडले असते. पण हौसाबाईनं मला चुलीपाशी नेलं आणि हळूच सांगितलं, की संजयला हुपरीची सोयरीक आलीय. चांदीचं काम करणारं घर आहे. मुलीच्या वडलांनी एकच विचारलंय, चूल आहे का गॅस. गावात तेव्हा सिलिंडर दोन-तीन घरांत. "म्हणून टाकी बांधाय लागलोय. पोरगी लई गुणाची हाय म्हणत्यात. तू काय बोलू नगस बाई, ठरत आलंय."

आमच्याकडं ठरत आलेल्या सोयरिकीत परक्या माणसानं तोंड घालायचं नसतं. घातलं आणि मोडली, तर ते कपाळावर राहतं. त्या पट्ट्यात पुन्हा कुणी मला दारात उभं केलं नसतं. आणि नवरा गेल्यावर मी एकटी बाई दोन गडी घेऊन हिंडत होते, त्यामुळं माझं नाव एका गोष्टीसाठी होतं, की ही बाई ह्या घरचं त्या घरी नेत नाही. त्याचा मला अभिमान होता. मी पाच म्हशींचा खड्डा आखला.

घुमट चढला. मी आत गिलावा करत होते त्या दिवशी हुपरीचे पाहुणे घर बघायला आले. मला आतून आवाज ऐकू येत होते. बसा की, पाणी घ्या, पावणं, ह्यो आमचा संजय. थोड्या वेळानं मी बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट. गोठ्याकडं बघितलं तर पाच म्हशी. त्यातल्या तीन शेजारच्या भिंतीकडं तोंड करून दावं ओढत होत्या आणि रेकत होत्या. भिंतीच्या पलीकडून एक रेडकू त्यांना ओ देत होतं. जनावराला घर कळतं. मला हसू आलं, खोटं का बोलू.

मी हौदावर हात धूत होते, तेव्हा एक माणूस माझ्याजवळ आला. पन्नाशीचा, बारीक, बोटांची टोकं भाजून कडक झालेली. मुलीचे वडील. त्यांना आप्पा म्हणायचे. मागं कुणी नाही बघून ते खाली बसले आणि घुमटावर हात फिरवत म्हणाले, "आक्का, ही तुमीच बांधलीय?"

"व्हय."

"खरं सांगा. दोन्ही येळचा सैपाक हुतोय ह्याच्यावर? का दावायपुरतं?"

मी काही बोलायच्या आत ते आणखी हळू बोलले. मुलीचं नाव मंगल. लहानपणापासून घरात झाळकामाला बसलेली, म्हणजे ज्योतीनं चांदीच्या कड्या जोडायच्या. बंद खोली, त्यातला धूर, धुवायचं तेजाब. छाती धरली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे काम बंद करा आणि चुलीपाशी बसवू नका. "ही गोष्ट पावण्यास्नी ठाऊक न्हाय. सांगितली तर कोण करून घील? तुमास्नी सांगतोय. तिला धूर सोसत न्हाय. म्हणून इचारतोय."

मी त्यांच्याकडं बघितलं. गोठ्याकडं बघितलं. आणि म्हणाले, "पाच म्हशींचं शेण रोज पडलं, तर सहा माणसांचं दोन्ही येळचं हुतंय. माझा घुमट गळत न्हाय."

शब्दाला शब्द खरं होतं. आप्पांनी मान हलवली, उठले आणि आत गेले. सुपारी फुटली.

तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं. ह्यांचं त्यांना सांगितलं नाही, त्यांचं ह्यांना सांगितलं नाही. दोन्हीकडचं झाकून ठेवलं आणि तोंडातून खोटं एक अक्षर काढलं नाही. घरी जाताना बसमध्ये मी हाच विचार करत होते. किती मूर्ख बाई असेन मी.

पहिली भरणी सगळेच उसनी करतात. टाकी पहिल्यांदा भरायला ट्रॉलीभर शेण लागतं, ते चार गोठ्यांतून गोळा करायचं अशी रीतच आहे. त्यामुळं टाकी सुरुवातीला पोटभर भरलेली असते. तात्यांची टाकी अशी पेटली, की लग्नाच्या आधी दोन आठवडे निळी ज्योत फरफर करत होती. हुपरीची माणसं पुन्हा आली, तेव्हा हौसाबाईनं त्यांच्यासमोर पुरणाचं पातेलं त्यावर शिजवलं. आप्पा ज्योतीपाशी बराच वेळ उभे होते. ज्योतीची पारख होती त्यांना. लग्न झालं. मी जेवून आले.

पाचसहा महिन्यांनी तात्यांचा निरोप आला. तुझी टाकी गळतेय, येऊन बघ.

तुझी टाकी गळतेय. हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. अंगणात तात्या, हौसाबाई, शेजारचे चार-पाच लोक बघायला जमलेले. हौसाबाई मोठ्यानं म्हणाली, "काय बांधलंस बाई हे? नुसता च्या हुतोय. सिमेंट खाल्लंस का काय?"

मी पिशवी खाली ठेवली. साबणाचं पाणी केलं, माती बाजूला केली, नळी, तोटी, घुमटाचा सांधा न सांधा साबणानं माखला. गळत असेल तर बुडबुडे येतात. एक बुडबुडा आला नाही. मी शेजाऱ्यांना जवळ बोलावून दाखवलं. "बगा. आला का बुडबुडा? बगा की नीट."

एकजण म्हणाला, "न्हाय की ओ."

"मग माझा घुमट ठणठणीत हाय. टाकी उपाशी हाय. शेण घाला."

शेजाऱ्यांत एकजण फिस्सकन हसला. तीन म्हशी कुणाच्या होत्या ते त्याला ठाऊक असणारच. तात्यांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं.

तेवढ्यात मंगल आली. तिला मी लग्नात बघितलं होतं, तेव्हा अंगानं भरलेली होती. आता गळ्याची हाडं दिसत होती. डोक्यावर शेणाची पाटी. दुसऱ्याच्या गोठ्यात झाडलोट करून त्याच्या बदल्यात ती शेण आणत होती, टाकीला घालायला. पाटी उतरवली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. मागं स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, उसाचा पाला घातलेला. त्याचा धूर कसा असतो ते ज्यांनी पाला जाळलाय त्यांना माहीत आहे.

मी हत्यारं पिशवीत भरत होते. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, ही टाकी ल्हान करता येती का ओ?"

बघा, पोरगीला कळलं होतं. चार घुमट बांधलेल्या गवंड्यांना कळत नाही ते तिनं पाच महिने शेण कालवून ओळखलं होतं.

मी म्हणाले, "बांधलेली टाकी ल्हान हुत न्हाय, बाई."

हेही शब्दाला शब्द खरं. पण शेजारी दुसरी, दोन म्हशींची छोटी टाकी बांधता येते. जुनीचे पाइप, शेगडी सगळं तेच लागतं. खड्डा, थोड्या विटा आणि माझी आठ दिवसांची मजुरी. मोरी आणि काळी, दोघींच्या शेणावर निदान भाकरी आणि चहा धुराविना झाला असता. हे मला तिथंच, तिच्यासमोर उभं असताना सुचलं होतं. बोलले नाही. कारण ते बोलायचं म्हणजे पाच म्हशींची टाकी बांधून मी चूक केली, असं त्या शेजाऱ्यांसमोर म्हणायला लागलं असतं. आणि मी तर नुकतीच जिंकले होते.

दुसरंही करता आलं असतं. गळतेय म्हणाले असते. माझा घुमट फुटला, माझीच चूक, मी पदरचं घालून छोटी बांधून देते, असं म्हटलं असतं तर तात्यांची अब्रू राहिली असती आणि त्यांनी खुशीनं बांधू दिली असती. एक खोटं बोलायला हवं होतं. ते मला जमलं नाही, कारण माझे घुमट गळत नाहीत.

मी मनात म्हटलं, सुगी झाली की येईन आणि समजावीन. सुगी झाली, दुसरी कामं लागली. त्यानंतर कधीतरी वीटभट्टीवर त्या गावच्या माणसानं सांगितलं, की तात्यांची सून माहेरी गेली. धुरानं एकदा निपचित पडली, तिला जीपमधून दवाखान्यात न्यायला लागलं, तिथून बापानं परस्पर हुपरीला नेली. सासरच्यांनी ओरड केली, की आजारी पोरगी गळ्यात मारली. हुपरीकडच्यांनी ओरड केली, की म्हशी खोट्या होत्या. दोघांचंही बरोबर होतं. ती परत आली नाही. काही वर्षांनी संजयनं दुसरं लग्न केलं. मंगल हुपरीलाच असते, भावाच्या घरी. पैंजणांना घुंगरं ओवायचं काम करते, त्याला ज्योत लागत नाही. जवळ श्वासाचा पंप ठेवते. हे मला ऐकून माहीत आहे.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. सोयरीक असो, बारसं असो, पाहुणे बसलेले असोत, गोठ्यातून बाहेर येऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचे, घासलेले खुंटे दोन आहेत, टाकी दोन म्हशींची होईल. त्यानं कामं गेली. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका ठिकाणी लग्न मोडलं आणि मुलीच्या आईनं मला साडी पाठवली, मुलाच्या आईनं शाप. तुम्ही घरात काहीही बसवा, सूर्याचा बंब, गच्चीवरच्या विजेच्या पाट्या, गोबरगॅस. बसवणाऱ्याला आधी तुमचं खरं सांगा, आणि तो गप्प बसला तर त्याला खोदून विचारा. तो जे बोलतो ते खरं असेलही. जे बोलत नाही ते विचारा.

मंगल माहेरी गेल्याचं कळल्यावर मी एकदा हुपरीला गेले होते. तेवढं सांगून थांबते.

आप्पांचं घर म्हणजे कारखानाच. पुढच्या खोलीत चारजण मान खाली घालून कामाला बसलेले, त्यांतले एक आप्पा. मला बघून त्यांनी ज्योत बारीक केली. बसा म्हणाले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. खुंट्यांचं, रेकणाऱ्या म्हशींचं, छोट्या टाकीचं. मी म्हणाले, "मला ठाऊक हुतं, आप्पा. त्या दिवशीच ठाऊक हुतं."

मला वाटलं होतं ते चिडतील. त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी हातातली कडी खाली ठेवली. मग म्हणाले, "आक्का, तिथं बसलेली समदी माणसं खोटं बोलणार हे मला कळत हुतं. मी बी खोटंच बोलत हुतो की. पोरगीला काय बी न्हाय म्हणून सांगत हुतो. म्हणून तर उठून तुमच्याकडं आलतो. म्हटलं, ह्या बाईचं कुणात काय अडकलेलं न्हाय. ही सांगील."

बाकीचे तिघं ऐकत होते, त्यांचे हात थांबले नाहीत.

मी म्हणाले, "आता काय करू सांगा."

"आता काय करताय," आप्पा म्हणाले. मग आतल्या बाजूला हाक मारली, "मंगल, मावशीस्नी स्टँडवर सोडून ये. गाडीची येळ झालीय."

मंगल आली. माझ्याशी नीट बोलली, त्याचंच मला जड गेलं. रस्त्याला लागल्यावर विचारलं, "मोरी व्याली का ओ?"

"ठाऊक न्हाय गं."

"तिचं रेडकू मेलं तर ती पान्हा सोडत न्हाय. म्होरं कोंडा ठिवून पाठीवर हात फिरवाय लागतोय. सासूबाईस्नी म्हाईत न्हाय त्ये. तुमी गेलासा तर सांगा."

मी बरं म्हटलं.

स्टँड जवळच आहे, रस्ता सपाट. कुठं चढ नाही. ती दोनदा थांबली. एकदा पिठाच्या गिरणीपाशी, एकदा विजेच्या खांबाला धरून. तेवीस वर्षांची पोरगी. मी पन्नाशी ओलांडलेली, पिशवी हातात घेऊन पुढं चार पावलांवर उभी होते आणि तिचा श्वास परत यायची वाट बघत होते. खांबाला धरून ती हसली आणि म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, मावशी. गाडी चुकंल."

मी पुढं गेले. गाडी मिळाली.